खुल्या जीपमधील तापणारी आसने व त्यांची स्वयंजोडणी : नागपूरच्या इतवारी परिसराच्या संदर्भात एक शास्त्रीय विवेचन

सारांश

जीप, जिप्सी, थार यांसारख्या आडवाटेने चालणाऱ्या वाहनांचे मालक आपल्या वाहनात निरनिराळी विद्युत उपकरणे स्वतः बसवू लागले आहेत. आसन तापविणारी गादी हे त्यांपैकीच एक उपकरण होय. वरवर पाहता ही जोडणी अतिशय सोपी वाटते. परंतु तिच्यामागील विद्युतशास्त्र, उष्णताशास्त्र, शरीरशास्त्र आणि कायदा यांचा विचार न केल्यास त्यातून वाहनास आग लागणे अथवा प्रवाशाची त्वचा भाजणे असे गंभीर परिणाम संभवतात. प्रस्तुत लेखात या जोडणीचे तत्त्व, वायर व फ्यूज यांची निवड, प्रत्यक्ष बसविण्याचा क्रम, चाचण्या आणि मर्यादा यांचे विवेचन केले आहे.

बीजशब्द : आसन-तापक, विद्युतरोध, फ्यूज, रिले, जीप, इतवारी, नागपूर

प्रस्तावना

नागपूरचे नाव घेताच सर्वांच्या डोळ्यांसमोर येतो तो येथील उन्हाळा. २३ मे २०१३ रोजी या शहरात ४७.९ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली होती. अशा शहरात तापणाऱ्या आसनांची चर्चा करणे प्रथमदर्शनी विसंगत वाटण्याचा संभव आहे. परंतु याच शहरात २९ डिसेंबर २०१८ रोजी किमान तापमान ३.५ अंशांपर्यंत खाली आले होते, ही बाबही तितकीच खरी आहे. विदर्भाचे हवामान खंडीय स्वरूपाचे असल्याने येथे उन्हाळा जसा तीव्र तसाच हिवाळ्यातील पहाटही बोचरी असते.

पेंच, ताडोबा-अंधारी, उमरेड-पवनी-कऱ्हांडला ही वनक्षेत्रे नागपूरपासून सव्वाशे-दीडशे किलोमीटरच्या परिघात येतात. तेथील सकाळच्या वनभ्रमंतीसाठी डिसेंबर-जानेवारीत सूर्योदयाच्या सुमारास उघड्या वाहनातून निघावे लागते. या कामासाठी अनेक वर्षे वापरात असलेली मारुती जिप्सी १९८५ साली बाजारात आली. पुढे तिचे नागरी ग्राहकांसाठीचे उत्पादन थांबले, तरी रस्त्यावरील जिप्सी मात्र आजही टिकून आहेत. १९४५ साली स्थापन झालेल्या महिंद्र कंपनीने स्वातंत्र्याच्या सुमारास विलिस जीपची जुळणी भारतात सुरू केली. त्या परंपरेतील ‘थार’ २०१० साली आली आणि २०२० साली तिचे नवे रूप आले. २०२४ साली आलेल्या ‘थार रॉक्स’च्या वरच्या श्रेणीतील पुढच्या आसनांना गार हवा खेळविण्याची सोय आहे. भारतीय हवामानाचा विचार करता उत्पादकांचा कल आसन गार करण्याकडे असणे स्वाभाविकच आहे. परिणामी ज्यांना उबदार आसन हवे असते, त्यांच्यापुढे बाहेरून संच आणून तो बसविण्याचाच मार्ग उरतो.

इतवारी हा नागपूरचा जुना, दाट वस्तीचा आणि घाऊक व्यापाराचा भाग. आठवड्याच्या वारांवरून नावे पडलेल्या नागपूरच्या बाजारपेठांपैकी ही एक प्रमुख पेठ होय. येथे गल्ल्या अरुंद, घरे जुनी, आणि दुकानाला लागूनच कापड, सूत, धान्य यांचा साठा असे सर्वसाधारण चित्र दिसते. वाहन बहुधा दारातच उभे असते. म्हणूनच वाहनातील सदोष वायरिंगचा प्रश्न येथे केवळ त्या वाहनापुरता मर्यादित राहत नाही. अग्निशमन दलाचे वाहन सहज पोहोचू शकणार नाही अशा बोळात रात्री उभ्या असलेल्या जीपमध्ये ठिणगी पडल्यास काय होऊ शकेल, याची कल्पना करणे कठीण नाही. प्रस्तुत विषयाचे खरे महत्त्व या ठिकाणी आहे.

लेखाची उद्दिष्टे

१) आसन-तापकाच्या कार्यामागील शास्त्रीय तत्त्व स्पष्ट करणे.
२) वायर, फ्यूज व रिले यांची निवड गणिताच्या आधारे कशी करावी हे दाखविणे.
३) आडवाटेच्या वाहनांतील जोडणीच्या विशेष अडचणींचा विचार करणे.
४) आरोग्य व कायदा यांच्या दृष्टीने पाळावयाच्या मर्यादा नमूद करणे.

आसन-तापकाची पूर्वपीठिका

वाहनाचे आसन विजेच्या साहाय्याने तापविण्याची कल्पना अमेरिकेत १९५० च्या दशकात पुढे आली. जनरल मोटर्समधील रॉबर्ट बॅलार्ड यांना १९५५ साली अशा आसनाचे पेटंट मिळाले. १९६६ साली कॅडिलॅक मोटारीत ही सोय ऐच्छिक स्वरूपात उपलब्ध झाली, तर १९७० च्या दशकाच्या आरंभी स्वीडनच्या साब कंपनीने ती आपल्या मोटारीत दिली. आज विद्युत मोटारींमध्ये या सोयीला नव्याने महत्त्व आले आहे. संपूर्ण केबिनमधील हवा तापविण्यापेक्षा प्रवाशाच्या शरीराला लागून असलेला पृष्ठभाग तापविणे कितीतरी कमी विजेत साधते, हे त्याचे कारण होय.

हेच कारण खुल्या जीपला अधिकच लागू पडते. बंद मोटारीत हीटरची गरम हवा आत कोंडून राहते. खुल्या जीपमध्ये ती क्षणार्धात वाऱ्यावर जाते. आसनातील उष्णता मात्र वहनाने, म्हणजे प्रत्यक्ष स्पर्शाने शरीरात येते. स्वस्थ बसलेल्या प्रौढ व्यक्तीचे शरीर साधारणतः १०० वॅट उष्णता निर्माण करते. त्या तुलनेत पाठ व मांड्यांना मिळणारी ५०-६० वॅटची जोड ही नगण्य म्हणता येत नाही.

कार्याचे तत्त्व

आसन-तापक म्हणजे कापडावर शिवलेली किंवा चिकटविलेली रोध-तार अथवा कार्बन तंतूंची पट्टी. तिच्यातून विद्युतप्रवाह गेला की ती तापते. १८४१ च्या सुमारास जूल या शास्त्रज्ञाने मांडलेल्या नियमानुसार निर्माण होणारी उष्णता ही प्रवाहाचा वर्ग आणि रोध यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असते. घरातील इस्त्री, गिझर आणि शेगडी यांचेही तत्त्व हेच होय.

एका आसनासाठी सामान्यतः दोन गाद्या असतात : एक बैठकीत व एक पाठीत. प्रत्येक गादीचा रोध ५.५ ओहम आहे असे उदाहरणादाखल धरू. इंजिन चालू असताना बारा व्होल्टच्या वाहनातील प्रत्यक्ष दाब साधारण १३.८ व्होल्ट असतो. दोन्ही गाद्या समांतर जोडल्यास एकूण रोध २.७५ ओहम होतो. त्यावरून प्रवाह सुमारे ५ अँपिअर आणि शक्ती सुमारे ६९ वॅट येते. याच गाद्या एकसरीत जोडल्यास रोध ११ ओहम, प्रवाह १.२५ अँपिअर आणि शक्ती सुमारे १७ वॅट, म्हणजे बरोबर एकचतुर्थांश होते. काही संचांतील ‘जास्त’ व ‘कमी’ या दोन पायऱ्यांचे रहस्य याच जोडणीत असते.

येथे एक महत्त्वाची सूचना करणे आवश्यक आहे. शक्ती ही दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. जुन्या विलिस जीपमध्ये मुळात सहा व्होल्टची व्यवस्था होती, तर काही लष्करी वाहनांत ती चोवीस व्होल्टची असते. बारा व्होल्टसाठी बनविलेली गादी सहा व्होल्टवर जेमतेम पाव क्षमतेने तापेल. चोवीस व्होल्टवर मात्र ती चौपट, म्हणजे २७५ वॅटच्या आसपास तापेल आणि काही मिनिटांतच फोम वितळू लागेल. लिलावातून घेतलेल्या किंवा जुन्या वाहनावर काम करताना प्रथम बॅटरीचा दाब मोजून पाहावा, हा नियम म्हणूनच कटाक्षाने पाळला पाहिजे.

उष्णता हवी तेथे आणि नको तेथे

या संपूर्ण विषयाचे सार एका वाक्यात सांगता येईल : ज्या नियमाने गादी तापते, त्याच नियमाने वायरही तापते. उष्णता गादीत निर्माण व्हावी आणि इतरत्र होऊ नये, हेच जोडणी करणाऱ्याचे सर्व कौशल्य होय. नको तेथे उष्णता निर्माण होण्याचे तीन मार्ग आहेत व त्या तिन्हींवरील उपाय वेगवेगळे आहेत.

पहिला मार्ग म्हणजे बारीक वायर. तांब्याचा विशिष्ट रोध २० अंशांस दर मीटरला, एक चौरस मिलिमीटर जाडीसाठी, ०.०१७२ ओहम असतो. दोन आसनांना मिळून १० अँपिअर प्रवाह लागतो आणि बॅटरीपासून आसनापर्यंत जाऊन-येऊन सहा मीटर वायर लागते असे मानू. एक चौरस मिलिमीटरची वायर वापरल्यास तिचा रोध ०.१०३ ओहम होतो. म्हणजेच एक व्होल्टहून अधिक दाब वाटेतच खर्ची पडतो आणि दहा वॅट उष्णता वायरमध्ये निर्माण होते. अडीच चौरस मिलिमीटरची वायर घेतल्यास हाच तोटा ०.४१ व्होल्ट व सुमारे चार वॅट इतका खाली येतो. एकूण दाबाच्या तीन टक्के तोटा स्वीकारार्ह मानता येतो. त्यामुळे मुख्य वायर अडीच चौरस मिलिमीटरची असणे योग्य ठरते.

दुसरा मार्ग म्हणजे शॉर्ट सर्किट. वायरचे आवरण घासून तांबे जीपच्या पत्र्याला टेकले, तर गादीचा रोध वाटेत राहतच नाही. तीन मीटर लांबीच्या अडीच चौरस मिलिमीटर वायरचा रोध सुमारे ०.०२ ओहम आणि बॅटरीचा अंतर्गत रोध सुमारे ०.०१ ओहम धरला, तर प्रवाह ४०० अँपिअरच्या घरात जातो. अशा वेळी एकट्या वायरमध्ये तीन हजार वॅटहून अधिक उष्णता निर्माण होते. हे आवरण पेट घेण्यास काही सेकंद पुरेसे असतात. बारा व्होल्टचा झटका बसत नाही म्हणून बारा व्होल्टची वीज निरुपद्रवी, हा समज किती घातक आहे हे यावरून लक्षात येईल. यावरील उपाय म्हणजे फ्यूज.

तिसरा मार्ग सर्वांत दुर्लक्षित आहे आणि तो म्हणजे सैल सांधा. पिळून टेप गुंडाळलेल्या सांध्याचा रोध गंजामुळे ०.१ ओहम इतका जरी वाढला, तरी १० अँपिअर प्रवाहाला त्या एका बिंदूवर दहा वॅट उष्णता साठते. बारीक कामाच्या सोल्डरिंग आयर्नची शक्ती पंचवीस वॅटच्या आसपास असते, हे लक्षात घेतले म्हणजे या दहा वॅटचा अर्थ कळतो. विशेष म्हणजे सैल सांध्यामुळे प्रवाह वाढत नाही, उलट किंचित कमी होतो. त्यामुळे फ्यूज कधीच उडत नाही. फ्यूज लावला की सर्व धोके संपले असे समजणाऱ्यांची फसगत नेमकी येथे होते. सैल सांध्यावर चांगली कारागिरी हाच एकमेव उपाय आहे.

फ्यूज आणि रिले यांची योजना

फ्यूज हा उपकरणाचे नव्हे, तर वायरचे रक्षण करतो. म्हणून तो आसनाजवळ न बसविता बॅटरीच्या धन टोकापासून एका वितीच्या आत बसविला पाहिजे. बॅटरी आणि फ्यूज यांमधील वायरला कोणतेही संरक्षण नसते; ती जितकी आखूड तितकी बरी. फ्यूजची क्षमता ठरविताना नेहमीचा प्रवाह फ्यूजच्या क्षमतेच्या ८० टक्क्यांच्या आत ठेवण्याचा संकेत आहे. १० अँपिअरला ०.८ ने भागल्यास १२.५ येतात, म्हणून त्यावरील प्रचलित मूल्य १५ अँपिअर, म्हणजे निळ्या रंगाचा फ्यूज घ्यावा. प्रत्येक आसनासाठी स्वतंत्र ७.५ अँपिअरचा तपकिरी फ्यूज ठेवल्यास एका आसनातील बिघाड दुसऱ्यास बाधत नाही. फ्यूज वारंवार उडत असेल तर मोठा फ्यूज अथवा तांब्याची तार लावणे म्हणजे आजाऱ्याचा ताप मोजण्याचे यंत्रच फोडून टाकणे होय.

डॅशबोर्डवरील लहान बटणातून १० अँपिअर प्रवाह थेट नेणे इष्ट नाही. त्यासाठी रिले वापरतात. रिलेच्या ८५ व ८६ या टोकांमध्ये चुंबकाचे वेटोळे असते आणि त्यास एक-दोन दशांश अँपिअर इतकाच प्रवाह पुरतो. ३० या टोकास फ्यूजमधून आलेला मुख्य पुरवठा, तर ८७ या टोकावरून आसनाकडे जाणारी वायर जोडावी. वेटोळ्याचा पुरवठा इंजिनाच्या चावीनंतर जिवंत होणाऱ्या वायरवरून घ्यावा, म्हणजे चावी काढताच आसने आपोआप बंद होतात. ही योजना न केल्यास बटण चुकून चालू राहिले की ४५ अँपिअर-तासाची बॅटरी दोन-अडीच तासांत निम्मी होते आणि जंगलातील मुक्कामी सकाळी वाहन सुरू होत नाही. इतवारीसारख्या ठिकाणी तर रात्रभर बंद वाहनात आसन तापत राहणे कोणत्याही परिस्थितीत मान्य होऊ शकत नाही.

अल्टरनेटरवरील भार

जोडणीपूर्वी वाहनाच्या अल्टरनेटरची क्षमता त्याच्या पट्टीवर वाचून घ्यावी. समजा ती ५० अँपिअर आहे. इंजिन मंद गतीने फिरत असताना यातील जेमतेम निम्मे, म्हणजे २५ अँपिअर मिळतात असे धरू. पुढील दिव्यांना सुमारे ९, मागील व फलकावरील दिव्यांना ३ आणि इंजिनाच्या स्वतःच्या गरजेस ९ असे २१ अँपिअर आधीच खर्च होत असतात. त्यात आसनांचे १० मिळविल्यास बेरीज ३१ होते. ही सहा अँपिअरची तूट बॅटरीतून भरून काढली जाते. रस्त्यावर वेगाने धावताना ती भरून येते. परंतु जंगलात तासन्‌तास मंद गतीने फिरणाऱ्या किंवा थांबत-थांबत जाणाऱ्या वाहनाची बॅटरी हळूहळू रिकामी होत जाते. जादा दिवे अथवा विंच बसविलेल्या जीपमध्ये हा हिशोब अधिकच काटेकोरपणे करावा लागतो.

प्रत्यक्ष जोडणीचा क्रम

१) बॅटरीचे ऋण टोक प्रथम सोडवावे. आसनाच्या बाजूस एअरबॅग असलेल्या वाहनात त्यानंतर काही मिनिटे थांबून, उत्पादकाच्या पुस्तिकेप्रमाणेच आसनाखालील पिवळा जोड हाताळावा. अशा आसनाचे कव्हर घरी उसवणे किंवा त्यावर दुसरे कव्हर चढविणे टाळावे. एअरबॅग उघडण्याचा मार्ग बंद होण्याची शक्यता असते. ज्यांच्या वाहनात ही व्यवस्था आहे त्यांनी हे काम स्वतः करण्याच्या फंदात पडू नये, हेच उचित.

२) गादी आसनात घालण्यापूर्वी मल्टीमीटरने तिचा रोध मोजून लिहून ठेवावा. पुढील सर्व चाचण्यांसाठी हा आकडा आधारभूत ठरतो.

३) आसन बाहेर काढून कव्हराच्या कडेच्या रिंगा सोडवाव्यात. हे काम आसनांची कव्हरे शिवणाऱ्या कारागिराकडून करून घेणे सोयीचे असते. विजेचे काम जमणाऱ्यास शिवणकाम जमतेच असे नाही.

४) गादी फोमवर, कव्हराच्या खाली, सपाट पसरावी. तिला घडी पडता कामा नये. घडीच्या ठिकाणी उष्णता साठून तो भाग बाकीच्या गादीपेक्षा कितीतरी अधिक तापतो. रोध-तारेची गादी कापून लहान करू नये. फोममधील ज्या खाचेत कव्हर ओढून बांधलेले असते, त्या खाचेवरून जाताना तारेवर ताण येणार नाही याची काळजी घ्यावी.

५) वायर नेताना पत्र्यातील प्रत्येक छिद्राला रबरी ग्रोमेट बसवावे आणि वायरवर नालीदार स्लीव्ह चढवावी. सायलेन्सर, फिरणारा प्रोपेलर शाफ्ट आणि आसनाची सरकपट्टी यांपासून वायर दूर ठेवावी. आसन पूर्ण पुढे-मागे सरकवून पाहावे व तेवढी ढील ठेवावी.

६) सांध्यांसाठी योग्य मापाची थिंबले योग्य हत्याराने दाबून बसवावीत. पकडीने चेपलेले थिंबल हा पुढील बिघाडाचा आरंभ असतो. खाचखळग्यांच्या रस्त्यावर सततच्या कंपनामुळे सोल्डर केलेली वायर सोल्डर संपतो त्या ठिकाणी तुटू शकते. म्हणून आडवाटेच्या वाहनात दाबून बसविलेल्या सांध्यास प्राधान्य दिले जाते. त्यावर उष्णतेने आकसणारी नळी चढवावी.

७) अर्थची वायर जीपच्या पत्र्याला न जोडता थेट बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत न्यावी. जुन्या जीपचा पत्र्याचा सांगाडा चासीवर रबरी बैठकांच्या आधारे बसविलेला असतो आणि चिखलपाण्याने बोल्ट गंजलेले असतात. अशा ‘बॉडी अर्थ’वर विसंबणे म्हणजे सैल सांध्याला आमंत्रण देणे होय.

८) रिले व फ्यूज पाण्याच्या पातळीच्या वर, झाकणाच्या पेटीत बसवावेत. पेटीचे तोंड खाली ठेवल्यास पाणी साचत नाही.

वायरच्या निवडीबाबत एक गोष्ट सांगणे अगत्याचे आहे. घरगुती फिटिंगची वायर सहज मिळते व स्वस्तही असते. परंतु तिच्या सामान्य पीव्हीसी आवरणाची तापमान-मर्यादा साधारण ७० अंश असते आणि नागपूरच्या मे महिन्यात इंजिनाजवळचे तापमान ही मर्यादा ओलांडते. शिवाय तेल व डिझेल यांचाही तिच्यावर परिणाम होतो. म्हणून बारीक तारांची, वाहनांसाठीच बनविलेली वायर वापरणे आवश्यक आहे. धान्याच्या बाजारपेठेत उंदरांचा वावर अटळ असतो आणि उंदीर वायरचे आवरण कुरतडतात, हेही इतवारीतील वाहनमालकाने विसरू नये. दर हंगामाच्या आरंभी संपूर्ण वायर डोळ्यांखालून घालणे हाच त्यावरील उपाय होय.

चाचण्या

जोडणी पूर्ण झाल्यावर पुढील चाचण्या क्रमाने घ्याव्यात. कव्हर चढविल्यानंतर गादीचा रोध पुन्हा मोजावा; तो पूर्वीच्या आकड्याशी जुळला पाहिजे. गादी आणि आसनाचा लोखंडी सांगाडा यांमध्ये कोणताही विद्युतसंबंध आढळता कामा नये. इंजिन चालू ठेवून, आसने पूर्ण क्षमतेवर चालवून, बॅटरीवरील व आसनाजवळील दाब मोजावा. दोहोंतील फरक अर्ध्या व्होल्टहून कमी असावा. तो अधिक असल्यास कोठे तरी सांधा सैल आहे असे निश्चित समजावे. पंधरा मिनिटांनंतर फ्यूजची बैठक, रिले आणि प्रत्येक सांधा हाताने चाचपावा. कोमट चालेल, चटका बसणारे मुळीच चालणार नाही. शेवटी कव्हराच्या पृष्ठभागाचे तापमान त्यावर जाड उशी अर्धा तास ठेवून मोजावे, कारण माणूस बसल्यावर उष्णता कोंडते आणि मोकळ्या आसनावरील आकडा फसवा ठरतो.

आरोग्यविषयक मर्यादा

हे तापमान किती असावे, याचे उत्तर शरीरशास्त्र देते. १९४७ साली मॉरिट्झ व हेन्रिक्स या अमेरिकन संशोधकांनी त्वचा भाजण्यासंबंधी मूलभूत अभ्यास प्रसिद्ध केला. त्यानुसार ४४ अंश तापमानाच्या सतत संपर्कात त्वचेला इजा होण्यास सुमारे सहा तास लागतात, आणि त्यापुढे ५१ अंशांपर्यंत दर एका अंशाला हा कालावधी जवळपास निम्मा होत जातो. या हिशोबाने ४७ अंशांस पाऊण तास पुरेसा ठरतो. म्हणून पृष्ठभागाचे तापमान ४० ते ४२ अंशांवर स्वयंचलितपणे थांबेल असा थर्मोस्टॅट असलेलाच संच निवडावा. थर्मोस्टॅट नसलेली गादी कितीही स्वस्त असली तरी घेऊ नये.

निरोगी माणूस चटका जाणवताच उठतो. परंतु अर्धांगवायू किंवा मज्जारज्जूच्या इजेमुळे ज्यांची संवेदना गेली आहे, मधुमेहामुळे ज्यांच्या नसा बधिर झाल्या आहेत, तसेच अतिवृद्ध, तान्ही मुले आणि गाढ झोपलेले प्रवासी यांना ही सूचना मिळतच नाही. अमेरिकेत अशा व्यक्तींना तापणाऱ्या आसनांमुळे खोल भाजल्याच्या घटना नोंदल्या गेल्या आणि २०११ साली तेथील भाजण्यावरील तज्ज्ञ डॉक्टर व सुरक्षा-अभ्यासक यांनी आसनांच्या कमाल तापमानावर व चालू राहण्याच्या वेळेवर बंधन घालण्याची मागणी सरकारी यंत्रणेकडे केली. सौम्य उष्णतेच्या दीर्घ संपर्काचे परिणाम आपल्याकडेही अपरिचित नाहीत. काश्मीरमध्ये अंगरख्याखाली बाळगल्या जाणाऱ्या कांगडीमुळे त्वचेवर जाळीदार डाग पडतात व काहींना त्या जागी कर्करोगही होतो, हे वैद्यकशास्त्रात दीर्घकाळ ज्ञात आहे. घरातील मधुमेही वडीलधाऱ्यांना ऊब मिळावी म्हणून आसन बसविणाऱ्याने हीच बाब सर्वप्रथम ध्यानात घेतली पाहिजे. अशा आसनास पंधरा-वीस मिनिटांनी आपोआप बंद होणारा टायमर असणे अत्यावश्यक आहे.

कायदेशीर बाजू

मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही ९ जानेवारी २०१९ च्या निकालात हीच भूमिका स्पष्ट केली. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार अनुज्ञेय नसलेल्या बदलासाठी मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. आसनाखालील गादीने आसनांची संख्या, वजन वा इंजिन बदलत नाही. तथापि मूळ वायरिंग कापून केलेली जोडणी उत्पादकाची हमी आणि विम्याचा दावा या दोन्ही बाबतींत वादाचे कारण ठरू शकते. म्हणून मूळ वायरला हात न लावता स्वतंत्र वायर टाकावी व विमा कंपनीस लेखी कळवावे. पर्यटकांसाठी चालणारी वाहने व्यावसायिक परवान्यावर असल्याने त्यांच्या मालकांनी प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडे आधी विचारणा करणे श्रेयस्कर ठरेल.

नागपूरच्या उन्हाळ्यातील निगा

युरोपातील वाहनासाठी तयार झालेली गादी नागपूरच्या उन्हाळ्याचा विचार करून बनविलेली नसते. उन्हात उभ्या असलेल्या खुल्या जीपच्या काळ्या रेक्झिनवर हात ठेववत नाही. त्या उष्णतेने गादीचा गोंद सुटतो, ती सरकते आणि तिला घडी पडते. हिवाळ्यात ती पुन्हा चालू केल्यावर घडीच्या जागी अतितप्त बिंदू तयार होतो. म्हणून होळीनंतर आसनांचा फ्यूज काढून ठेवावा आणि दिवाळीनंतर रोध मोजूनच तो परत बसवावा. आठ महिने निद्रिस्त असणाऱ्या उपकरणाला जिवंत वायर जोडून ठेवण्यात कोणताही लाभ नाही.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) खुल्या वाहनात हवा तापविण्यापेक्षा आसन तापविणे ऊर्जेच्या दृष्टीने अधिक कार्यक्षम आहे.
२) दोन आसनांच्या साधारण १० अँपिअर भारासाठी अडीच चौरस मिलिमीटर वायर, बॅटरीलगत १५ अँपिअर फ्यूज, चावीनंतर चालू होणारा रिले आणि बॅटरीपर्यंत नेलेली स्वतंत्र अर्थ ही योजना समाधानकारक ठरते.
३) फ्यूज शॉर्ट सर्किटपासून वाचवितो, सैल सांध्यापासून नाही. तेथे कारागिरी व नियमित तपासणी यांना पर्याय नाही.
४) थर्मोस्टॅट व टायमर नसलेले आसन मधुमेही, वृद्ध व संवेदनाहीन व्यक्तींसाठी धोकादायक आहे.
५) एअरबॅगयुक्त आसनांवर घरगुती जोडणी करू नये.

ओहम व जूल यांचे नियम पदार्थविज्ञानाच्या वर्गात शिकविले जातात, उष्णतेचे शरीरावरील परिणाम जीवशास्त्राच्या वर्गात, तर मोटार वाहन कायदा विधी शाखेत. एका साध्या आसनाच्या जोडणीत हे सर्व विषय एकत्र येतात. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत एक गादी, एक जुनी बॅटरी, दोन जाडींच्या वायर आणि एक मल्टीमीटर एवढ्या साहित्यावर वरील सर्व आकडे विद्यार्थ्यांना पडताळून पाहता येतील. स्वतः मोजलेला दाबाचा तोटा आणि हाताला जाणवलेला सैल सांध्याचा चटका विद्यार्थी सहसा विसरत नाही. इतवारीच्या एखाद्या बोळात उद्या हाच विद्यार्थी घरच्या जीपची वायर जोडणार असेल, तर त्याचे हे ज्ञान त्याच्या शेजाऱ्यांच्याही उपयोगी पडणार आहे.